मंदाबाईच्या पुस्तकातलं सोनं

मंदाबाई पहिल्यांदा माझ्याशी भांडली ती एका लाल झाडावरून.

वर्ध्याजवळच्या देवळीच्या पुढं, दोन्ही बाजूंनी कापूस असलेल्या रस्त्यावर तिचं गाव आहे. गावाचं नाव छापायचं नाही अशी मला ताकीद आहे. "नाव छापशीन तं उद्या जीप घेऊन साहेब लोकं येतीन पाहाले, आन् माह्या खिचडीले उशीर होईन." तर गावाचं नाव राहू द्या. तिथल्या अंगणवाडीत मंदाबाई चोवीस वर्षांपासून मदतनीस आहे. मदतनीस म्हणजे कोण, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडायचं, पाणी भरायचं, घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची, शेंबूड पुसायचा, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. शिकवणं तिच्या कामात येत नाही. ते सेविकेचं काम. सरकारी कागदावर हे इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे की वाचून माझं डोकं फिरतं. कारण त्या गावातल्या पोरांना जे काही येतं त्यातलं निम्मं त्यांनी चुलीजवळ बसून मंदाबाईच्या तोंडून ऐकलेलं आहे.

मी गावोगाव पोरांसाठी पुस्तकं घेऊन फिरते. मोपेडला दोन पिशव्या, बस. गेल्या वर्षी पितृपक्ष लागला तेव्हा माझ्या पिशवीत चार ऋतूंची चार गुळगुळीत चित्रपुस्तकं होती. लई लोकांचे उंबरे झिजवून मिळवलेली, त्यामुळं माझी मान जरा ताठच होती. पोरांना गोल बसवलं आणि शरद ऋतूचं पुस्तक उघडलं. आतमध्ये उंच झाडं, लालभडक. खाली लाल-पिवळ्या पानांचा ढीग, ढिगात उड्या मारणारं एक पोरगं, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी.

पाच वर्षांची इला पुढं सरकली. चित्राला नाक लावून पाहिलं. "ताई, हे झाड पेटलं काय?"

"पेटलं नाई व," चुलीजवळून मंदाबाई बोलली. "त्याले कावीळ झाली."

पोरं खिदळली. मी म्हटलं, हे बाहेरदेशातलं झाड आहे, तिकडं शरदात पानं अशीच होतात.

"आन् आपल्या शरदात?"

"आपल्या शरदात काय?"

"तेच इचारून राह्यली मी. आपल्या शरदात काईच होत नाई काय? बाहेर घामानं कपडे वल्ले होऊन राह्यले आन् तू पोट्ट्यांले टोपी दाखवतं."

पोरांसमोर? मला? मी म्हटलं, "तुमची खिचडी लागून राह्यली, तिकडं पाहा."

"खिचडी माह्या नजरेत आहे. तुह्या नजरेत काय आहे?"

मी पिशव्या उचलल्या आणि निघाले. देवळीपर्यंत स्वतःशीच भांडत आले. रस्त्याच्या कडेला काशी गवताचे पांढरे तुरे वाऱ्यावर लोळत होते, सोयाबीन पिवळं पडून वाळलं होतं, शेंगा खुळखुळत होत्या, पहिली बोंडं फुटायला आली होती. वर्षानुवर्षं त्याच रस्त्यानं मी गाडी हाकत होते. बाई खरं बोलली होती. तेव्हा मी हे मान्य केलं नाही. आता लिहून देते.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा अंगणवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेलाच्या खोक्यांचे पुठ्ठे चौकोनी कापून पसरलेले. एका गंजात, पातेलंच ते, मैद्याची खळ, कडुलिंबाच्या पाण्यात शिजवलेली, म्हणजे कीड लागत नाही आणि पोरानं चाटली तर तोंड वाकडं करून पुन्हा चाटत नाही. कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे एकावर एक, आणि त्यांच्याखाली जुनी हजेरी रजिस्टरं. मी एक ओढायला गेले तर सगळी पोरं एकदम ओरडली, "ताई, नोको! आत पानं झोपले हायेत!"

मंदाबाईनं सगळी पानं रजिस्टरात घालून तांदळाखाली दाबून वाळवली होती. सेविका उज्वलाताई कपाळाला हात लावून बसलेली. "मी काई बोलत नाई बाप्पा," ती मला म्हणाली. "रजिस्टर जुनं आहे, पोरं शांत आहेत. आजपर्यंत इतकी शांत पाह्यली नोती."

आणि पुस्तक तयार होत होतं. नऊ पुठ्ठे, सुतळीत ओवलेले. एकावर कापसाचं बोंड तीन वेळा: मिटलेलं, चिरलेलं, फुटलेलं. हाताखाली मऊ लागायचं, पोरं त्याला गाल घासायची. एकावर सोयाबीनच्या शेंगा. पुठ्ठा हलवला की वाजायचा. एकावर पिंपळाचं जाळी झालेलं पान, खाली पुठ्ठ्याला भोक पाडलेलं, म्हणजे उजेडाकडं धरलं की आरपार दिसतं. एकावर सीताफळाच्या बिया लावून केलेला मुंगळ्यांचा मोर्चा. अक्षर एक नाही. मंदाबाई चौथी शिकलेली, पोरं अजून पाटीवर रेघोट्या मारणारी. अक्षर कशाला लागतं?

शेवटचा पुठ्ठा आपट्याचा. तुरीच्या काड्यांचं झाड, आणि त्याला बावीस पानं, बावीस पोरांची. प्रत्येकानं आपलं पान स्वतः चिकटवलेलं. तेही सगळं नाही, फक्त देठाला खळ. का, तर आपट्याचं पान मधून दुमडतं, पोरानं ते बोटानं उघडझाक करून पाहिलं पाहिजे. ही युक्ती मंदाबाईची. तिनं मला पाच वेळा ते पान उघडून-मिटून दाखवलं.

मी जागच्या जागी नाचले. खोटं नाही सांगत. दोनच दिवस आधी माझ्या मोबाईलवर एक निरोप आला होता. नागपूरची एक संस्था पोरांनी हातानं केलेली ऋतूंची पुस्तकं वर्ध्याला मागवत होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराला. अट एकच, पुस्तकाच्या प्रत्येक पानावर निसर्गातली काहीतरी खरी वस्तू लावलेली पाहिजे. त्यातलं एक पुस्तक ते छापणार होते. हजार प्रती, अंगणवाड्यांसाठी.

मंदाबाईनं हात पदराला पुसले. "हजार?"

"हजार."

"म्हणजे तिकडं हिंगणघाटच्या पोट्ट्यांले पण दिसन?"

"दिसन. सेलूच्याही."

तिनं पुन्हा एकदा आपट्याचं पान उघडून मिटलं. मग म्हणाली, "चोवीस वर्षं मी जे सांगतलं थे खिचडीसंगं पोट्ट्यांच्या पोटात गेलं. मोठे झाले, इसरून गेले. एक तरी गोष्ट कागदावर राह्यली पाह्यजे बाई माही."

दसऱ्याला सकाळी अंगणवाडीत पूजा झाली. पाट्या, पुस्तकं, खिचडीची कढई, झारा, आणि सगळ्यांच्या वर मंदाबाईचं पुस्तक, त्यावर हळदकुंकू, झेंडू. संध्याकाळी ती भावाकडं देवळीला सोनं द्यायला गेली. अंगणवाडीची किल्ली नेहमीप्रमाणं शेजारी इलाच्या घरच्या खुंटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी गावात हजर. साडेनऊच्या बसनं वर्ध्याला जायचं होतं. पाहते तर मंदाबाई अंगणवाडीच्या पायरीवर बसलेली, मांडीवर पुस्तक, शेवटचा पुठ्ठा उघडा. तुरीच्या काड्यांचं झाड होतं. झाडावर एकही पान नव्हतं. नुसते खळीचे बावीस पांढरे ठिपके.

"उंदीर?" मी विचारलं.

"हो. बावीस. दोन पायाचे."

इलाला हाक मारली. ती धावत आली, आणि चेहरा असा की जणू बक्षीस घ्यायला आली. "मावशी, आमी सोनं वाटलं!"

"कोणी सांगतलं व तुमाले?"

"पूजा झाली ना?" इलालाच आश्चर्य वाटलं. "पूजा झाल्यावर वाटत असते. सगळ्यायनं आपापलं घेतलं. मी कोणाले दोन नाई घेऊ देलं."

आता बोला! ज्या पानाची दसऱ्याला पूजा होते ते संध्याकाळी कोणाच्या तरी हातात देतात, पाया पडतात. जन्मल्यापासून पोरांनी हेच पाहिलेलं. आम्ही दोघी शहाण्यांनी ते पान पुस्तकात लावलं, वरून पूजेला मांडलं, आणि ते पुस्तकातच राहील असं धरून चाललो. शिवाय चिकटवलेलं फक्त देठाला. पोरांना ओढावं सुद्धा लागलं नसेल.

उज्वलाताई आली, तिनं पाहिलं, तिचा उपाय तयार. "दुसरी पानं तोडून लावा. नाल्यावरचं झाड आहे ना."

मी धावत नाल्यावर गेले. झाड कसलं, खराटा उभा होता. वर्ध्याच्या बाजारात विकायला कोणीतरी फांद्याच्या फांद्या ओरबाडून नेल्या होत्या. त्यांना मी तिथं उभी राहून जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. परत येऊन मंदाबाईला म्हटलं, उठा, घरोघर जाऊ, पानं परत गोळा करू. बावीसच तर घरं आहेत.

पहिलं घर तानबाजींचं, इलानं आपलं पान तिथंच दिलं होतं. तानबाजी म्हणजे गावातलं सगळ्यात खडूस म्हातारं. अंगणात चेंडू गेला तर चेंडू परत येत नाही. दारात आम्हाला पाहून त्यांनी भुवया वर केल्या.

"काय व मंदे, सकाळी सकाळी?"

"काका, काल इलानं तुमाले..."

"हो, सोनं देलं ना तिनं." म्हातारा आत वळला आणि देवाच्या फळीकडं बोट दाखवलं. कुंकवाच्या करंड्याशेजारी ते पान होतं, दाबून सपाट झालेलं, कोरडं. "वाळकं आहे, पण देलं. मले या गावात पोट्टे दसऱ्याले कधी सोनं देत नाई. भेतात माह्या तोंडाले. थे आली, पाया पडली, आन् पयून गेली. काऊन? परत पाह्यजे काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदाबाईनं माझा दंड असा चिमटला की निळा पडला.

"नाई काका. पाहाले आलती."

"पाह्य मंग. हात नोको लावू."

बाहेर आल्यावर मी उसळले, "आता काय? पुस्तक बोडकं घेऊन जायचं?" पण मंदाबाई ऐकतच नव्हती. ती चालत नव्हती, पळत होती. पन्नाशी उलटलेली बाई, लुगड्याचा काष्टा सावरत, आणि ओरडत होती, "इले! पोट्टे बोलाव! सगळे बोलाव! रंगाच्या पेन्सिली काढ व उज्वला!"

पुढचे दोन तास मी जन्मात विसरणार नाही. बावीस पोरं, त्यातली अर्धी दात न घासलेली. मंदाबाईनं पुठ्ठा मधोमध ठेवला. "ज्यानं जिथं पान लावलं होतं त्यानं तिथं बोट ठेवा. हां. आता सांगा, कोणाले देलं? सांगू नोका, काढून दाखवा. त्याच जागी."

मग काय विचारता! साकेतनं बैल काढला. बैलाला सोनं दिलं आणि बैलानं ते खाल्लं, असं तो अभिमानानं सांगत होता. एका पोरीनं बस काढली, बसला मोठ्ठ्या मिशा. तिनं कंडक्टरला दिलं होतं. नीरजनं मोबाईल काढला. त्याचा बाप हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही, तर यानं व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं, फोनच्या पाया पडला, आणि पान मोबाईलच्या कव्हरात ठेवलं. "पप्पा आला की घेईन," म्हणाला. इलानं तानबाजींच्या नुसत्या भुवया काढल्या. दुसरं काही काढायची गरजच नव्हती. कोणी आजी, कोणी शेळी, कोणी विहीर. विहिरीला सोनं! मंदाबाई प्रत्येकाला विचारत होती, मग काय म्हणाली विहीर, आणि पोरं सांगत होती.

एकटा सुमीत पेन्सिल घेऊन बसून राहिला. कोणाला दिलं म्हटलं तर मान हलवेना. शेवटी म्हणाला, "नाई सांगत." मंदाबाई म्हणाली, "नोको सांगू." त्याचा ठिपका तसाच राहिला.

बस धरली ती शेवटच्या क्षणाला. वर्ध्याला सभागृहात तीस-चाळीस पुस्तकं मांडलेली. चकचकीत कव्हरं, गोंदाच्या नळ्या, शिकवणाऱ्या बाईंच्या अक्षरातल्या कविता, आणि मला लाज वाटते सांगायला, चार ठिकाणी रंगीत कागदाची तीच लाल झाडं. नागपूरचे कृष्णकांत सर एकेक पुस्तक पाहत येत होते. चष्मा नाकावर, हातात फॉर्म. आमच्यापाशी आले. बोंडाला हात लावून थांबले. शेंगा वाजवल्या. जाळीचं पान खिडकीकडं धरलं. मग शेवटचा पुठ्ठा आला.

"यावर काही लावलेलं नाही."

"होतं," मी म्हटलं.

"काड्या आहेत, पण नुसत्या काड्या मी धरत नाही, पानं पाहिजेत. अट आहे हो ताई. बाकी उत्तम आहे, खरं सांगतो, सगळ्यांत उत्तम. असं करा, चारपर्यंत मी इथंच आहे. आपट्याची पानं लावून आणा, हे खरडलेलं झाकून टाका. मग मला काही अडचण नाही."

मी मंदाबाईला ओढत बाहेर आणलं. रस्त्यावर कालची न विकली गेलेली सोन्याची जुडी घेऊन एक जण बसला होता. मी हातात घेऊन पाहिली, तर तो आपटाही नव्हता, कांचन होता, मोठाल्या पानांचा. पण दिसायला तसाच. मी म्हटलं, "मंदाबाई, लावून टाका. कोण पाह्यते?"

"पोट्टे पाह्यतीन ना."

"त्यांना समजावू."

"काय समजावशीन? साकेतचा बैल झाकून टाकला, नीरजच्या बापाचं सोनं झाकून टाकलं, आन् त्याच्यावर बाजारातलं लबाड पान लावलं, हे समजावशीन?" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढलेला होता. "मले छापलेलं पाह्यजे व. लय पाह्यजे. पण हे नाई."

आणि ती परत आत गेली. मी मागं. माझ्या डोक्यात भांडणाची सगळी वाक्यं तयार होती, पण तिनं मला संधीच दिली नाही. सरळ कृष्णकांत सरांसमोर खुर्ची ओढून बसली, मोठ्या साहेबासमोर न विचारता बसलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं, आणि पुठ्ठा मांडीवर घेतला. अगदी चुलीजवळ घेते तसा.

"सर, तुमी नुसतं पाह्यलं. आता वाचा. हे झाड. याले बावीस पानं होते. दसरा आला. झाडाजवळ एकही नाई राह्यलं. कुठं गेले? हे गेलं बैलाकडं. बैल म्हणे, मले सोनं नोको, मले भूक लागली."

सर हसले नाहीत, पण फॉर्म खाली ठेवला. ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. कंडक्टर, शेळी, विहीर. मोबाईलपाशी आली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका उठून आल्या. भुवयांपाशी मागं सात-आठ जण उभे होते, आणि तानबाजींची हकिकत ऐकून कोणीतरी मोठ्यानं हसलं. ते सरच होते.

"आणि हा?" त्यांनी स्वतःहून बोट ठेवलं. "हा रिकामा कोणाचा?"

"सुमीतचा."

"त्यानं कोणाला दिलं?"

"सांगत नाई म्हणे."

"अरे! पण कोणाला दिलं असेल?"

"पाहा," मंदाबाई म्हणाली. "आता तुमी इचारून राह्यले. पान लावलं असतं तं इचारलं असतं काय?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुठ्ठा घेतला, आणि मग शाळकरी पोरासारखं एकदम बोलायला लागले, की छापताना हे झाड असंच ठेवू, बावीस ठिपके कोरे ठेवू, दसऱ्याला प्रत्येक अंगणवाडीतल्या पोरांनी आपापलं काढायचं, पान कोणाला दिलं ते. "पण सुमीतचा ठिपका?" एक बाई म्हणाली. "सगळेच कोरे तर त्याचा कसा कळणार?" त्यावर तिथंच वाद सुरू झाला, चार लोक एकाच वेळी बोलायला लागले, आणि मला कळलं की आता ते आमचं पुस्तक घेऊन भांडत आहेत. म्हणजे घेतलं!

"अट?" मी मुद्दाम विचारलं. माझ्यातली आग लवकर विझत नाही.

"काड्या खऱ्याच आहेत की तुरीच्या," सर म्हणाले आणि फॉर्म ओढला. "पुस्तक कोणाचं? नाव सांगा."

"लिहा. इला."

"हं."

"साकेत. नीरज. सुमीत."

"अहो बाई, इथं एकच ओळ आहे."

"पोट्टे बावीस हायेत. मंग दुसरा कागद घ्या ना."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी कागद उलटा केला. मंदाबाई एकेक नाव सांगत होती, बापाच्या नावासकट, आडनावासकट, मध्ये "काना नाई, वेलांटी हाय" असं दटावत. ही चौथी शिकलेली बाई. बाविसावं नाव झालं आणि ती उठायला लागली.

"तेवीस," मी म्हटलं. "मंदाबाई लिहा."

"माहं कायले? मी नुसती खळ शिजवली."

"मंदाबाई," मी सरांना जोरात सांगितलं, सभागृहात सगळ्यांनी वळून पाहिलं इतक्या जोरात. "सगळ्यात वर लिहा. जागा नसेल तर समासात लिहा, पण वर."

"खाली लिहा," मंदाबाई म्हणाली.

"वर!"

"अवं माय, पोट्ट्यांच्या वर काऊन? खाली लिहा म्हटलं ना मी!"

सर पेन हातात घेऊन कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं पाहत बसले होते.